मेदपेशींची रोपवाटिका : लठ्ठपणामागील जनुकीय नियंत्रण

लठ्ठपणाचा विचार आपल्याकडे बहुधा जमाखर्चाच्या भाषेत होतो. खाल्ले किती, खर्चले किती, आणि जी शिल्लक उरली ती अंगावर चढली, असा हा सरळ हिशेब. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. सारख्याच उंचीच्या आणि सारख्याच वजनाच्या दोन माणसांपैकी एकाला चाळिशीतच मधुमेह गाठतो आणि दुसरा सत्तरी ओलांडूनही निरोगी राहतो, हे कोडे या हिशेबातून सुटत नाही. त्याचे उत्तर पुष्कळ अंशी दुसऱ्याच एका प्रश्नात दडलेले आहे. शिल्लक उरलेली ऊर्जा शरीर ठेवते कोठे? ती सुरक्षित ठेवण्यासाठी मेदपेशी लागतात, आणि नव्या मेदपेशी मेदऊतीत दडून असलेल्या मूलपेशींपासून म्हणजेच ‘स्टेम सेल’पासून घडतात. या मूलपेशी कधी वाढाव्यात, कधी थांबाव्यात आणि त्यांचे रूपांतर कशात व्हावे, याचे नियंत्रण जनुके करतात. गेल्या पन्नास वर्षांत या नियंत्रणाविषयी जे ज्ञान हाती आले, त्याचा हा परिचय.

मेदऊती म्हणजे काय?

चरबी म्हटली की डोळ्यांपुढे निर्जीव, तेलकट साठा येतो. प्रत्यक्षात मेदऊती हा एक जिवंत अवयव आहे. तिच्यातील प्रौढ मेदपेशीचा जवळजवळ सारा अवकाश चरबीच्या एका थेंबाने व्यापलेला असतो आणि पेशीकेंद्र कडेला ढकललेले असते. एक ग्रॅम चरबीत सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा मावते. पिष्टमय पदार्थांत आणि प्रथिनांत ती सुमारे ४ असते. उपासमारीच्या काळासाठी निसर्गाने चरबीचे कोठार निवडले, ते यामुळेच.

हे कोठार मुके नाही. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लठ्ठ उंदरांतील एक सदोष जनुक शोधून काढले. त्या जनुकापासून बनणाऱ्या संप्रेरकाला पुढे ‘लेप्टिन’ हे नाव मिळाले. मेदपेशी लेप्टिन रक्तात सोडतात आणि कोठार किती भरले आहे याची वार्ता मेंदूला पोहोचवतात. १९९७ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी पाकिस्तानी वंशाच्या दोन चुलत-मावस नात्यातील मुलांत याच जनुकातील दोष दाखवून दिला. जन्मतः सामान्य वजनाची ही मुले कायम भुकेली असत आणि अतिशय स्थूल झाली होती. लेप्टिनची इंजेक्शने सुरू झाल्यावर त्यांची भूक आणि वजन दोन्ही उतरले. ‘खा-खा’ ही केवळ संयमाच्या अभावाची खूण नसते, याचा इतका स्पष्ट पुरावा तोवर वैद्यकाला मिळाला नव्हता.

पेशींची संख्या कधी ठरते?

मेदऊती दोन मार्गांनी वाढते. असलेल्या पेशी फुगतात, किंवा मूलपेशींपासून नव्या पेशी तयार होऊन संख्या वाढते. माणसात यांपैकी काय घडते, हे जाणण्यासाठी स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील कर्स्टी स्पाल्डिंग आणि सहकाऱ्यांनी एक अनपेक्षित साधन वापरले. शीतयुद्धाच्या काळात, १९५५ ते १९६३ या वर्षांत, वातावरणात झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण वाढले आणि पुढे ते हळूहळू घटत गेले. जी पेशी ज्या वर्षी जन्मते, त्या वर्षीच्या हवेची खूण तिच्या डीएनएमध्ये राहून जाते. या खुणेवरून मेदपेशींचे वय काढता आले.

२००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष दोन होते. एक, प्रौढ माणसाच्या मेदपेशींपैकी सुमारे १० टक्के दर वर्षी मरतात आणि तेवढ्याच नव्याने जन्मतात. म्हणजे मूलपेशींचे काम आयुष्यभर चालू असते. दोन, एकूण संख्या मात्र बालपण आणि किशोरवयात ठरते व प्रौढपणी बव्हंशी स्थिर राहते. वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनीही पेशींची संख्या तेवढीच आढळली. आकार तेवढा घटला होता. मुलांच्या गुटगुटीतपणाकडे ‘मोठेपणी आपोआप झडेल’ म्हणून पाहण्याची आपली सवय या निष्कर्षापुढे तपासून घ्यावी लागते.

मूलपेशीपासून मेदपेशीपर्यंत

मेदमूलपेशी राहतात कोठे? २००८ मध्येच अमेरिकेतील दोन स्वतंत्र गटांनी उंदरांवरील प्रयोगांतून त्यांची ओळख पटवली. त्यांपैकी एका गटाने दाखवले की या पूर्वज पेशी मेदऊतीतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींत वस्ती करून असतात. जागा मोक्याची आहे, कारण रक्तातून येणारे पोषणाचे आणि संप्रेरकांचे संदेश त्यांना तेथे प्रथम मिळतात.

मूलपेशीचा प्रवास दोन टप्प्यांत होतो. पहिल्या टप्प्यात ती ‘पूर्वमेदपेशी’ होण्यास बांधली जाते. ती अजून चरबी साठवत नाही, पण हाड किंवा कूर्चा होण्याची वाट तिच्यासाठी बंद झालेली असते. दुसऱ्या टप्प्यात ती गोल होते आणि चरबीचे थेंब साठवू लागते. या दुसऱ्या टप्प्याचा अभ्यास शक्य झाला तो हॉवर्ड ग्रीन यांच्यामुळे. १९७४ च्या सुमारास त्यांनी उंदराच्या पेशींचा असा वाण वेगळा केला, जो काचेच्या ताटलीत आपोआप मेदपेशींत बदलत असे. ‘३टी३-एल१’ या नावाने तो आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जातो.

या रूपांतराची मुख्य कळ १९९४ मध्ये सापडली. हार्वर्डमधील ब्रूस स्पीगलमन आणि पीटर टोंटोनोझ यांनी ‘पीपीएआर-गॅमा’ नावाचे जनुक साध्या संयोजी ऊतीच्या पेशींत घातले आणि त्या पेशी मेदपेशी बनल्या. हे जनुक ज्या प्रथिनाची आज्ञा देते, ते डीएनएवर बसून चरबी साठवण्यासाठी लागणारी शेकडो जनुके जागी करते. ‘सीईबीपी-अल्फा’ हे दुसरे प्रथिन त्याला साथ देते. दोघे एकमेकांना चालू ठेवतात, म्हणून एकदा सुरू झालेले रूपांतर सहसा उलटत नाही. पीपीएआर-गॅमावाचून मेदपेशी तयारच होत नाही, असे पुढील प्रयोगांनी सिद्ध केले.

गाडीला कळ हवी तसा लगामही हवा. १९९३ मध्ये वर्णिलेले ‘प्रेफ-१’ हे प्रथिन पूर्वमेदपेशीला त्याच अवस्थेत रोखून धरते. रूपांतर व्हायचे असेल तर त्याचे प्रमाण आधी उतरावे लागते. ‘विंट’ नावाची संदेशसाखळीही असाच अडसर घालते आणि मूलपेशीला हाडाच्या दिशेने वळवते. रोपवाटिकेत किती रोपे तयार व्हावीत, हे अशा रीतीने चालना आणि अटकाव यांच्या तोलावर ठरते. हा तोल प्रत्येक माणसात थोडा वेगळा असतो आणि त्या वेगळेपणाचा काही भाग वारशाने येतो.

कोठारच नसेल तर?

चरबी वाईट, म्हणून चरबी नसलेले शरीर उत्तम, हा समज खोडून काढणारे काही दुर्मीळ आजार आहेत. १९५४ मध्ये ब्राझीलचे बेरार्दिनेली आणि १९५९ मध्ये नॉर्वेचे सेइप यांनी वर्णिलेल्या विकारात मुलाच्या शरीरात मेदऊती जवळजवळ नसतेच. अशी मुले पिळदार स्नायूंची दिसतात. पण त्यांच्या रक्तात चरबी अतोनात वाढते, यकृत मेदाने भरते आणि लहान वयातच तीव्र मधुमेह होतो. पीपीएआर-गॅमा जनुकातील काही दोषांमुळेही हातापायांतील मेद नाहीसा होऊन असाच त्रास उद्भवतो. ठेवायला जागा नसलेली चरबी नाहीशी होत नाही. ती यकृतात, स्नायूंत आणि स्वादुपिंडात शिरते, आणि तेथे इन्सुलिनचे काम बिघडवते.

याची उलट बाजू २००७ मध्ये अमेरिकेत फिलिप शेरर यांच्या गटाने उंदरांत दाखवली. लेप्टिन नसलेल्या लठ्ठ उंदरांत ‘अ‍ॅडिपोनेक्टिन’ या मेदसंप्रेरकाचे प्रमाण वाढवताच ते आणखी प्रचंड लठ्ठ झाले. मात्र त्यांच्या रक्तातील साखर सुधारली. त्यांची मेदऊती नव्या, लहान पेशींच्या बळावर पसरू शकत होती आणि यकृतातील चरबी तिच्याकडे परत येत होती.

मधुमेहावरील ‘पायोग्लिटाझोन’ हे औषध नेमकी हीच कळ दाबते. ते पीपीएआर-गॅमाला चालना देते. त्वचेखाली नव्या लहान मेदपेशी तयार होतात, यकृतावरचा भार हलका होतो, साखर उतरते आणि वजन मात्र थोडे वाढते. वजन वाढूनही साखर सुधारते, हे वरकरणी विसंगत दिसणारे दृश्य कोठाराच्या कल्पनेने उलगडते. हे औषध निर्दोष नाही. अंगात पाणी साठणे, हृदयविकार असलेल्यांना त्रास, हाडे ठिसूळ होणे हे त्याचे ज्ञात दोष आहेत. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेवरून भारत सरकारने जून २०१३ मध्ये त्याची विक्री थांबवली आणि पुढच्याच महिन्यात इशाऱ्याच्या अटीवर पुन्हा परवानगी दिली.

एका अक्षराचा फरक : एफटीओ

लेप्टिनसारखे एकाच जनुकाचे दोष विरळा. सर्वसामान्य माणसाच्या वजनावर शेकडो जनुकांचा थोडा थोडा प्रभाव असतो. त्यांत सर्वांत ठळक ठरला तो ‘एफटीओ’ हा भाग. २००७ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी दाखवले की या भागातील विशिष्ट अक्षरभेद आई आणि वडील दोघांकडून मिळालेल्या युरोपीय प्रौढांचे वजन सरासरी ३ किलोने अधिक असते. सुमारे १६ टक्के लोक या गटात मोडतात.

हा फरक नेमके करतो काय, हे कळायला आठ वर्षे गेली. २०१५ मध्ये मेलिना क्लाउसनित्सर आणि मनोलिस केलिस यांच्या गटाने त्याचा उलगडा केला. तो अक्षरभेद एफटीओ जनुकाच्या आत असला तरी त्याचा परिणाम दूरच्या ‘आयआरएक्स३’ आणि ‘आयआरएक्स५’ या जनुकांवर होतो. सामान्यतः या दोन जनुकांवर एका दाबून ठेवणाऱ्या प्रथिनाची पकड असते. डीएनएतील ‘टी’ या अक्षराच्या जागी ‘सी’ आले की ती पकड सुटते, आणि पूर्वमेदपेशी आपली वाट बदलते. ऊर्जा जाळून उष्णता निर्माण करणारी ‘बेज’ मेदपेशी होण्याऐवजी ती केवळ साठवण करणारी पांढरी मेदपेशी होते. संशोधकांनी मानवी पेशींत हे एकच अक्षर दुरुस्त केले, तेव्हा उष्णतानिर्मिती सातपट वाढली. मूलपेशीच्या वळणावर बसलेले एक अक्षर शरीराच्या जमाखर्चाला कसे कलते करते, याचे हे आजवरचे सर्वांत स्वच्छ उदाहरण होय.

तरीही एफटीओ म्हणजे विधिलिखित नव्हे. २ लाख १८ हजारांहून अधिक प्रौढांच्या माहितीचे २०११ मध्ये झालेले विश्लेषण सांगते की शारीरिक हालचाल करणाऱ्यांत या भेदाचा लठ्ठपणावरील प्रभाव २७ टक्क्यांनी कमी होतो. वजन उतरवण्याच्या आठ चाचण्यांतील ९,५६३ जणांच्या २०१६ मधील अभ्यासात हा भेद असलेल्यांचे वजन इतरांइतकेच उतरले. जनुक चढावर उभे करते. चढ चढताच येत नाही, असे ते म्हणत नाही.

दोष मेंदूचा की मेदाचा?

२०१५ मध्ये ‘जायंट’ या आंतरराष्ट्रीय गटाने एकाच वेळी दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध केले आणि एक महत्त्वाची विभागणी समोर आली. उंचीच्या तुलनेत वजन किती, म्हणजे बीएमआय, याच्याशी निगडित ९७ जनुकस्थाने सापडली. त्यांपैकी बहुतेकांचा संबंध मेंदूतील भूक आणि तृप्तीच्या यंत्रणेशी होता. कंबर आणि नितंब यांच्या गुणोत्तराशी, म्हणजे चरबी शरीरात कोठे साठते याच्याशी, निगडित ४९ स्थाने मात्र मुख्यतः मेदऊतीच्या घडणीशी संबंधित निघाली. थोडक्यात, किती खावेसे वाटते हे पुष्कळसे मेंदूतील जनुके ठरवतात, आणि खाल्लेले कोठे जाते हे मेदमूलपेशींची जनुके. भारतात २०२५ मध्ये दाखल झालेली टिर्झेपाटाइड आणि सेमाग्लुटाइड ही वजन उतरवणारी नवी इंजेक्शने मुख्यतः पहिल्या बाजूवर, भुकेवर, काम करतात.

२०१७ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी इन्सुलिनला दाद न देण्याच्या प्रवृत्तीशी निगडित ५३ जनुकस्थाने दाखवली. ज्यांच्यात या भेदांची संख्या अधिक, त्यांच्या हातापायांत आणि नितंबांत मेद कमी आढळला. बेरार्दिनेली-सेइप विकार जे टोकाला नेऊन दाखवतो, त्याचे सौम्य रूप सर्वसामान्य लोकांत पसरलेले आहे, असा याचा अर्थ. दिसायला बारीक, तरी कोठार तोकडे.

पुण्याचे बाळ

हे शेवटचे वर्णन भारतीयांना तंतोतंत लागू पडते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा आणि मुलांचा अभ्यास १९९३ मध्ये सुरू केला. २००३ मध्ये त्यांच्या गटाने तेथील ६३१ नवजात बालकांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या ३३८ बालकांशी केली. पुण्याच्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडच्या बाळांचे ३.५ किलो होते. स्नायू आणि पोटातील अवयव यांत पुण्याचे बाळ बरेच मागे होते. पाठीवरच्या त्वचेखालील चरबीत मात्र ते फारसे मागे नव्हते. ‘बारीक, तरी मेदयुक्त’ असे हे भारतीय बाळ तेव्हापासून वैद्यकीय वाङ्मयात रूढ झाले.

२००४ मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकात याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी स्वतःचीच छायाचित्रे शेजारी-शेजारी छापली. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. शरीरातील चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांचे ९.१ टक्के आणि याज्ञिकांचे २१.२ टक्के. वजनकाट्यावर समान असलेली दोन शरीरे आतून किती भिन्न असू शकतात, हे त्या एका पानाने जगाला दाखवले.

२००९ मध्ये याज्ञिक आणि हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतील गिरिराज चांडक यांच्या गटांनी पुणे आणि म्हैसूर येथील लोकांत एफटीओचा अभ्यास केला. युरोपीयांत या भेदाचा मधुमेहाशी असलेला संबंध प्रामुख्याने वाढलेल्या वजनातून जातो. भारतीयांत मात्र वजनाचा हिशेब वजा केल्यावरही तो बऱ्याच अंशी उरला. तोच अक्षरभेद, पण वेगळ्या घडणीच्या शरीरात त्याचा परिणाम वेगळा. ही घडण केवळ जनुकांची नाही. गरोदरपणातील मातेचे पोषण आणि पिढ्यान्‌पिढ्यांची कुपोषणाची छाया यांचाही तिच्यात वाटा आहे.

यातील धोका गोमंतकीयांना अधिक जवळचा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे राष्ट्रीय प्रमाण ११.४ टक्के आढळले. गोव्यात ते २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक होते. त्याच पाहणीत देशातील बीएमआयनुसार लठ्ठ ठरणाऱ्यांचे प्रमाण २८.६ टक्के होते, तर पोट सुटलेल्यांचे ३९.५ टक्के. या दोन आकड्यांमधील अंतर म्हणजेच काट्याला न दिसणारा लठ्ठपणा.

पेशींची आठवण आणि मध्यमवय

नोव्हेंबर २०२४ मध्ये झुरिकच्या ईटीएच संस्थेतील संशोधकांनी वजन उतरलेल्या माणसांच्या आणि उंदरांच्या मेदऊतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. वजन उतरल्यावरही मेदपेशींतील अनेक जनुकांचा स्वर लठ्ठपणाच्या काळासारखाच राहिला होता. उंदरांत तर डीएनएभोवतीच्या रासायनिक खुणांतच ही आठवण जपलेली आढळली, आणि असे उंदीर पुन्हा चमचमीत खाद्य मिळताच इतरांपेक्षा लवकर फुगले. कष्टाने उतरवलेले वजन पुन्हा का चढते, याचे निदान एक कारण येथे सापडते, आणि ते आळस हे नाही.

एप्रिल २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातील ‘सिटी ऑफ होप’ संस्थेच्या गटाने मध्यमवयातील पोटाविषयी एक शोध जाहीर केला. इतर ऊतींतील मूलपेशी वयानुसार मंदावतात. मेदऊतीत मात्र मध्यमवयात एक नवा पूर्वज पेशींचा प्रकार उदयास येतो आणि झपाट्याने नव्या पेशी घडवू लागतो. मध्यमवयीन उंदरांच्या मूलपेशी तरुण उंदरांत रोपल्या, तरी त्यांनी भराभर मेदपेशी तयार केल्या. तशाच पेशी मध्यमवयीन माणसांच्या ऊतीतही आढळल्या. एकूण संख्या स्थिर राहते हे सरासरीचे विधान आहे. पोटाच्या आतील भागात चित्र निराळे असू शकते.

या ज्ञानाचा व्यवहारात उपयोग

मेदमूलपेशींची रोपवाटिका आवरून लठ्ठपणा बरा करणारे औषध आज उपलब्ध नाही. तसे औषध सापडले तरी ते जपून वापरावे लागेल. नव्या पेशींची निर्मिती सरसकट रोखली, तर उतू जाणारी चरबी यकृतात शिरेल. लठ्ठपणासाठी ‘स्टेम सेल उपचार’ अशी जाहिरात दिसल्यास तिच्यापासून दूर राहिलेले बरे. लाळेच्या नमुन्यावरून ‘तुमचा आहार’ सांगणाऱ्या जनुकचाचण्यांवर खर्च करण्यापूर्वी एफटीओविषयीची वरील आकडेवारी आठवावी.

उपयोगाचे साधन शिंप्याच्या मोजपट्टीइतके साधे आहे. भारतीय निकषांनुसार पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या आत असावी. बीएमआय २३ च्या पुढे गेला की जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा मानावा. ज्यांच्या घरात मधुमेह आहे त्यांनी वजन ‘नॉर्मल’ असले तरी साखर तपासून घ्यावी. गर्भवतीचे पोषण आणि मुलांचे पहिले दीड दशक यांकडे सर्वाधिक लक्ष द्यावे, कारण कोठाराचा आराखडा तेव्हाच आखला जातो. वजन उतरल्यावर उपचार संपले असे न मानता ते टिकवण्याची तजवीज दीर्घकाळ ठेवावी.

स्थूल माणसाला आळशी किंवा खादाड ठरवून मोकळे होणे सोपे असते, आणि बारीक माणसाला निर्धास्त ठेवणेही तितकेच सोपे. मेदमूलपेशींचा अभ्यास या दोन्ही सोयी काढून घेतो. पहिल्याला दूषणाऐवजी उपचार मिळायला हवेत, आणि दुसऱ्याची वेळेवर तपासणी व्हायला हवी.